स्टॅटिन, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल : अहवालातील आकडे व हृदयविकाराचा धोका

रक्तातील मेदाच्या तपासणीत भारतीय रुग्णांचे दोन आकडे वारंवार बिघडलेले आढळतात. एचडीएल कमी असते आणि ट्रायग्लिसराइडचे प्रमाण अधिक असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मधुमेहविषयक पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील नमुने तपासण्यात आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ७२.३ टक्के व्यक्तींमध्ये एचडीएल कमी, तर २९.५ टक्के व्यक्तींमध्ये ट्रायग्लिसराइड जास्त होते. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेल्यांचे प्रमाण मात्र १३.९ टक्केच होते. असे असूनही डॉक्टर प्रामुख्याने एलडीएल कमी करणारी स्टॅटिन गटातील औषधे देतात. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केल्यावर एचडीएल जवळजवळ तेवढेच दिसले, की गोळी लागू पडत नाही असे समजून ती परस्पर बंद केली जाते. हा निष्कर्ष चुकीचा असून धोकादायकही ठरू शकतो.

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात एका बुरशीपासून पहिले स्टॅटिन वेगळे केले. या गटातील लोवास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळून बाजारात आले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्यासाठी लागणारे एक विकर स्टॅटिन रोखून धरते. आतील पुरवठा घटल्याने यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहकांची संख्या वाढवतात आणि रक्तातील एलडीएल कण ओढून घेतात. प्रभावी मात्रेत एलडीएल निम्म्यावर येऊ शकते. ट्रायग्लिसराइड साधारणपणे १० ते ३० टक्के घटते आणि एचडीएल जेमतेम ५ ते १० टक्के वाढते. त्यामुळे एचडीएलच्या रकान्यात मोठा फरक न दिसणे हे औषधाच्या अपयशाचे लक्षण नव्हे.

हृदयाला होणारा लाभ मुख्यतः एलडीएलच्या घटीतून मिळतो. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिम्वास्टॅटिनच्या चाचणीत एलडीएल ३५ टक्क्यांनी घटले, एचडीएल केवळ ८ टक्क्यांनी वाढले, पण एकूण मृत्यूंचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. पुढील अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणानुसार एलडीएलमध्ये प्रति डेसिलिटर सुमारे ३९ मिलिग्रॅम घट झाली, तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात.

एचडीएलला 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हटले जाते. ते वाढवले तर धोका घटेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पण ती फोल ठरली. टॉरसेट्रापिब या औषधाने एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढले आणि एलडीएलही घटले. मात्र औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू अधिक झाल्याने सुमारे १५ हजार रुग्णांवरील चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली. स्टॅटिनच्या जोडीला नायसिन देण्याच्या चाचण्यांतही एचडीएल वाढले, झटके कमी झाले नाहीत. यांपैकी २५ हजारांहून अधिक रुग्णांच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उलट मधुमेह, संसर्ग आणि रक्तस्रावाचे प्रमाण वाढले. कमी एचडीएल हे धोक्याची सूचना देणारे चिन्ह आहे. औषधाने ते वाढवणे हा उपचार ठरलेला नाही.

ट्रायग्लिसराइडचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. २०२२ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या एका चाचणीत १० हजारांहून अधिक मधुमेही सहभागी होते आणि त्यांपैकी बहुतेक आधीपासून स्टॅटिन घेत होते. पेमाफायब्रेटने त्यांचे ट्रायग्लिसराइड सुमारे एक चतुर्थांशाने घटले, हृदयविषयक घटना घटल्या नाहीत. आयकोसापेंट इथाइल या शुद्ध माशाच्या तेलाच्या औषधाने २०१८ मध्ये २५ टक्के लाभ दाखवला. परंतु तुलनेच्या गटाला दिलेल्या खनिज तेलामुळे फरक फुगला का, हा वाद अद्याप मिटलेला नाही. वेगळ्या ओमेगा-३ मिश्रणाच्या २०२० मधील चाचणीत लाभ आढळला नाही. भारतात विकसित झालेल्या सारोग्लिटाझारला २०१३ मध्ये मधुमेहींतील मेदविकारासाठी मान्यता मिळाली.

ट्रायग्लिसराइड ५०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास मात्र स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. तेथे फेनोफायब्रेटसारख्या औषधांना स्थान आहे. त्याखालच्या पातळीवर साखर, मैदा व मद्य यांवर नियंत्रण, वजनातील घट आणि मधुमेहाचा उपचार यांनी पुष्कळ फरक पडतो.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसामान्यांचे एलडीएल १०० मिलिग्रॅमपेक्षा, जास्त धोका असलेल्यांचे ७० पेक्षा आणि झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिजोखमीच्या रुग्णांचे ५५ पेक्षा कमी असावे. ट्रायग्लिसराइड वाढलेले असल्यास एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा अधिक उपयुक्त ठरतो. धमन्यांत साचू शकणारे सर्व कण त्यात मोजले जातात. स्टॅटिनने काहींना स्नायुदुखी होते, मधुमेहाची शक्यताही किंचित वाढते. अशा वेळी मात्रा किंवा औषध बदलता येते. एझेटिमाइबची जोडही देता येते. उपचार सुरू केल्यावर पुढील तपासणी सहसा ४ ते १२ आठवड्यांनी केली जाते.