ड्रॅगन, संकासुर आणि पुढचा भाग

गाजलेल्या मालिकेचा पुढचा भाग आला की वाचकांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "पहिल्या भागाची मजा नाही राव यात." दुसरा म्हणतो, "अरे, गोष्ट लेखकाची आहे, त्याला लिहू दे ना." ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा वाद प्रोजेक्टच्या डेडलाइनपेक्षा जास्त जोमाने चालतो.

ड्रॅगनवाल्या पुस्तकांच्या नशिबी तर हे जरा जास्तच आलंय. क्रिस्टोफर पाओलिनीचं 'एरॅगॉन' २००३ मध्ये मोठ्या प्रकाशकाकडून आलं, तेव्हा ही मालिका तीन पुस्तकांत संपणार होती. २००५ मध्ये 'एल्डेस्ट' आलं. २००७ मध्ये साहेबांनी जाहीर केलं की तीन पुरत नाहीत, चार होतील. मग २००८ मध्ये 'ब्रिसिंगर' आणि २०११ मध्ये 'इनहेरिटन्स'. म्हणजे पहिल्या भागाच्या वेळी दहावीत असलेलं पोर शेवटच्या भागापर्यंत नोकरीला लागलं. जॉर्ज मार्टिन यांच्या वाचकांचे हाल याहून वाईट. २००५ च्या पुस्तकानंतर 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' यायला २०११ उजाडलं आणि त्याच्या पुढच्या भागाची वाट लोक अजून बघताहेत. त्यावरच्या टीव्ही मालिकेचा शेवट २०१९ मध्ये झाला. तो इतका झोंबला, की शेवटचा सीझन परत बनवा म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या.

यावर ठरलेली प्रतिक्रिया अशी, की हे सगळं इंटरनेटचं खूळ आहे. पूर्वीचे वाचक गुणी होते, मिळेल ते गोड मानून घ्यायचे. मला हे मुळीच पटत नाही. निदान आपल्याकडे तरी पुढच्या भागावर भांडणं ही चांगली हजार-बाराशे वर्षं जुनी परंपरा आहे.

रामायणाचंच बघा. युद्ध संपलं, राज्याभिषेक झाला, गोष्ट तिथे थांबायला हरकत नव्हती. पण पुढे उत्तरकांड आहे. ते नंतर जोडलेलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे सीक्वेलच म्हणा ना. त्यात सीतेचा त्याग होतो आणि शेवटी ती धरणीच्या पोटात जाते. हा शेवट कितीतरी लोकांना सहन झाला नाही. त्यातला एक आपल्या विदर्भातला, पद्मपूरचा भवभूती. आठव्या शतकाच्या आसपास त्याने 'उत्तररामचरित' हे नाटक लिहिलं आणि शेवटी राम-सीतेची सरळ भेट घडवून आणली. गंमत म्हणजे शेवटच्या अंकात नाटकात नाटक आहे. वाल्मीकीने रचलेला प्रयोग आणि तो बघायला बसलेत खुद्द राम आणि लक्ष्मण. सीतेचे हाल पाहून राम बेशुद्ध पडतो आणि लक्ष्मण वाल्मीकीलाच जाब विचारतो, की तुमच्या काव्याचा अर्थ हाच का? गोष्टीतलं पात्र लेखकाची कॉलर धरतंय! दहा लाख सह्यांच्या कितीतरी आधीची ही तक्रार. आणि भवभूती नुसती तक्रार करून थांबला नाही, शेवट दुरुस्त करून मोकळा झाला.

महाभारताचंही तेच. मूळ ग्रंथातलं अश्वमेध पर्व लोकांना पुरलं नसावं. जैमिनीच्या नावावर असलेल्या अश्वमेधात चंद्रहास, सुधन्वा, मयूरध्वज, स्त्रीराज्याची राणी प्रमिला अशा एकाहून एक अद्भुत गोष्टी आल्या, ज्या व्यासांच्या महाभारतात नाहीत. मराठीत हे घरोघर पोचवलं श्रीधरस्वामींनी. १७१२ मध्ये 'पांडवप्रताप' झाल्यावर तीनच वर्षांत, १७१५ मध्ये त्यांनी 'जैमिनी अश्वमेध' हातावेगळा केला. (मार्टिनसाहेबांनी नोंद घ्यावी.)

आता तुम्ही म्हणाल, हे झाले मोठे कवी. त्यांना शेवट पटला नाही तर ते नवा लिहू शकतात. साध्या माणसाने काय करायचं? याचं उत्तर शोधायला खाली कोकणात, सिंधुदुर्गात उतरावं लागतं. तिथे साध्या प्रेक्षकाचं मत गोष्टीपर्यंत पोचवण्याची एक यंत्रणा अजून चालू आहे. तिचं नाव दशावतार. मालवणीत धयकालो.

ज्यांचं गाव तिकडे नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भातकापणी उरकली की त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री दशावताराचा खेळ होतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर, खानोलकर, आरोलकर ही तिथल्या कंपन्यांची नावं. मंचावर एक पडदा आणि एक बाकडं. तेच बाकडं सिंहासन, तोच रथ आणि वेळ पडली तर तोच डोंगर. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. नट स्वतःचा मेकअप स्वतः करतात, बायकांची कामंही पुरुषच करतात. समर्थ रामदासांच्या दासबोधातही दशावताऱ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे सतराव्या शतकात हा खेळ लोकांच्या चांगल्या ओळखीचा होता.

खेळाचे दोन भाग असतात. पहिला आड दशावतार. तो ठरलेला. गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, ब्राह्मण, सरस्वती, ब्रह्मदेव. मग येतो संकासुर. वेद चोरणारा शंखासुर तो हाच. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. आपला देशी ड्रॅगन म्हणा हवं तर. लहान पोरं त्याला बघून आईच्या पदरात तोंड लपवतात आणि एका डोळ्याने परत बघतात. शेवटी विष्णू त्याला मारतो आणि वेद सोडवतो. मग दुसरा भाग, म्हणजे मुख्य आख्यान. ते दर वेळी वेगळं. रामायण, महाभारत, पुराणं, त्यातलंच एखादं पात्र घेऊन रचलेली अगदी नवी गोष्टसुद्धा.

खरी मेख इथे आहे. या आख्यानाला लिखित संहिता नसते. आज कुठलं आख्यान करायचं आणि कोण कुठलं पात्र हे खेळाआधी ठरतं, प्रसंग कसे कसे जातील ते सांगितलं जातं आणि मग नट मंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन अर्ध्या पानाचं आणि बाकी सगळं थेट प्रॉडक्शनवर. त्यासाठी नटाकडे पुराणांचा भक्कम साठा लागतो आणि समोरच्याच्या वाक्यावर तिथल्या तिथे उत्तर द्यायची तयारी लागते.

आता विचार करा, समोर बसलेल्या माणसाच्या मताचं इथे काय होतं. तो हसला तर नट प्रसंग वाढवतो. तो पेंगायला लागला तर प्रसंग आवरता घेतला जातो आणि युद्ध सुरू होतं, पखवाज घुमायला लागतो. आवडलं तर बक्षीस मिळतं. नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी गावभर गजाली. आणि पुष्कळ देवळांची जत्रा पिढ्यान् पिढ्या एकाच कंपनीकडे असते. म्हणजे त्याच कंपनीला पुढच्या वर्षी त्याच गावात, त्याच लोकांसमोर उभं राहायचंय. प्रेक्षकाच्या मताला जायला जागा असते. ते त्याच रात्री गोष्टीत शिरतं, नाहीतर पुढच्या वर्षी.

छापील मालिकेत नेमकं हेच होत नाही. लेखक सहा-सहा वर्षं एकटा लिहीत बसतो, वाचक सहा वर्षं एकटा कल्पना करत बसतो. दोघांच्या गोष्टी लांब लांब जातात आणि पुस्तक आल्या दिवशी एकमेकींवर आदळतात. यात वाचक चढेल असतो किंवा लेखक आळशी असतो असं मला वाटत नाही. त्यांच्यामध्ये बाकड्याएवढंसुद्धा अंतर नको होतं, तिथे अख्खा समुद्र आहे, एवढंच.

संकासुराबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. देव-ब्राह्मण शुद्ध मराठीत बोलतात आणि हा पठ्ठ्या बोलतो मालवणीत. वेद पळवतो, भटजीची फिरकी घेतो आणि जाता जाता गावातल्या ताज्या भानगडींवर शेरे मारतो. प्रेक्षकांची भाषा बोलणारा आणि त्यांच्या मनातलं बोलून दाखवणारा एकटा तोच. पुढे याच मातीतून 'वस्त्रहरण' आलं. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेलं आणि मच्छिंद्र कांबळींनी १९८० पासून गाजवलेलं. पौराणिक नाटक बसवताना गावाची उडणारी तारांबळ हाच त्याचा विषय. हजारो प्रयोग झाले. पिढ्यान् पिढ्या गोष्ट बघत आलेल्या गावाने शेवटी स्वतःच्या बघण्याचंच नाटक केलं.

सगळं छान चाललंय असं मात्र नाही. गेल्या काही वर्षांत 'ट्रिकसीनयुक्त' खेळांचे बोर्ड सगळीकडे दिसतात. डुलणारे नाग, धूर, रंगीत दिवे, अचानक प्रकट होणारे राक्षस. जुनी मंडळी कुरकुरतात, की यात संवाद मेला. तरुण पोरं त्याच खेळांना गर्दी करतात. माझ्या मते ट्रिकसीन हा काही घात नाही, तेही प्रेक्षकाचंच मत आहे आणि कंपनीने ते ऐकलंय. मला काळजी वाटते ती वेगळ्या दोन गोष्टींची. एक, वेळ कमी म्हणून आड दशावतारालाच कात्री लागते. संकासुर आला आला म्हणेपर्यंत गेला. म्हणजे प्रेक्षकाच्या भाषेत बोलणाराच आधी कापला जातो. आणि दुसरी, आपण. मुंबई-पुण्यात बसून मोबाइलवर खेळ बघणारे. आपण हसलो काय, झोपलो काय, मंचावरच्या नटाला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने आपण रिकामी खुर्ची.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये दिलीप प्रभावळकरांचा 'दशावतार' सिनेमा आला आणि शहरातल्या बऱ्याच जणांना हा प्रकार नव्याने कळला. चांगलंच झालं. पण सिनेमाची रिळं आपल्याला बघून बदलत नाहीत. आख्यान बदलतं. तेव्हा कार्तिक संपायच्या आत कोकण रेल्वेचं तिकीट मिळालं (हेच खरं ट्रिकसीन!) तर एका जत्रेत रात्रभर बसा. ऊबदार काहीतरी बरोबर ठेवा, पहाटे गारठतं. राक्षसाचं काम आवडलं तर मोठ्याने हसा, नाही आवडलं तर सकाळी चहाच्या टपरीवर तसं स्पष्ट सांगा. तिथे ते ऐकणारं कुणीतरी नक्की असतं, बहुतेक वेळा तोंडावरचा रंग अजून पुरता न उतरलेलं.