गाणं कोणाचं?

मध्यंतरी एका रविवारी बाबांच्या जुन्या कॅसेट्सचे एमपीथ्री करायला बसलो. पनवेलच्या दमट हवेत टेप किती टिकणार? सोबत बाबांची वही होती. रेघा मारून केलेले रकाने: गाणं, कवी, संगीतकार, गायक. ती सगळी नावं टाइप करून प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये भरली. मग एका प्लेअरने विचारलं, माहिती आपोआप भरू का? मी (गाढवासारखा) हो म्हटलं. अर्ध्या फाइली 'अननोन आर्टिस्ट' झाल्या आणि कवी तर झाडून सगळे गायब. बाबा एवढंच म्हणाले, "वही आहे ना?"

नावं गाण्याच्या पोटातच ठेवायची कल्पना तशी जुनी आहे बरं का. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात रेकॉर्डिंग करायला आला, तेव्हा गौहर जान गाणं संपताना चक्क इंग्रजीत "माय नेम इज गौहर जान" असं सांगायच्या. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या माणसाला कोणाची तबकडी हे कळणार कसं? म्हणून नाव आवाजातच. बिघडायला, पुसायला काही नाही!

पुढे १९९६ मध्ये एरिक केम्पने एमपीथ्रीसाठी आयडीथ्री टॅग काढला. गंमत म्हणजे तोही फाइलच्या शेवटीच चिकटवलेला, फक्त १२८ बाइट्सचा. गाण्याला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४. प्रकार निवडायला ८० नावांची यादी, त्यात पोल्का आहे, पण नाट्यगीत, भावगीत, लावणी नाही. आणि कवी, संगीतकार यांना रकानाच नाही. देवनागरीचं एक अक्षर किंवा मात्रा यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स खाते. मी मोजून पाहिलं: 'सुधीर फडके' २८ बाइट्स, बसले. 'ग. दि. माडगूळकर' ३७. म्हणजे बाबूजी आत, गदिमा बाहेर. आता बोला!

आपल्याकडे हे फार लागतं. "गाणं कोणाचं?" या प्रश्नाला मराठीत तीन उत्तरं असतात, आणि रेडिओवाले गीत, संगीत, स्वर अशी तिन्ही सांगत आले. गीतरामायणच घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, एकूण ५६ गाणी. तेव्हा गायक अनेक होते, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे वगैरे. नंतर बाबूजींनी सगळीच स्वतः गाऊन रेकॉर्ड केली. कवी तेच, चाल तीच, गळा वेगळा. टॅगमध्ये नुसतं 'गीतरामायण' लिहिलं तर हातात कुठलं रेकॉर्डिंग आहे ते कसं कळायचं?

१९९८ च्या आयडीथ्रीच्या दुसऱ्या आवृत्तीत गीतकार आणि संगीतकाराला जागा मिळाली, युनिकोडही आलं. ऑगचे व्होर्बिस कॉमेंट्स त्याहून सरळ: रकान्याचं नाव, बरोबरचं चिन्ह, मजकूर. रकाना हवा तो काढा, देवनागरीही चालते. पण प्लेअर ते दाखवेलच असं नाही, आणि आपोआप भरणारे शहाणे आहेतच.

म्हणून आता मूळ माहिती मी फाइलीच्या बाहेर, साध्या टेक्स्टमध्ये ठेवतो. एफएफएमपेग टॅग काढून टेक्स्ट फाइलमध्ये देतं. ती नोटपॅडमध्ये सुधारायची आणि परत आत घालायची. आवाजाला धक्का लागत नाही, पुन्हा एन्कोड करावं लागत नाही. टॅग बिघडला तर स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, बस्स. एक पथ्य: मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या तो फॉन्ट नसेल तर नुसती चिन्हांची खिचडी दिसतात, साधं टेक्स्ट असूनही.

परवा बाबांना यादी वाचून दाखवली. दोन ठिकाणी थांबवलं त्यांनी. एकदा संगीतकार माझा चुकलेला, आणि एकदा वहीतच चुकलेला. दुसऱ्या चुकीवर अजून वाद चालू आहे, तूर्तास त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय.