दारूगोळ्याचा हिशेब

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाकडे पाहताना तट दिसतो, बुरूज दिसतात. परंतु त्या बुरुजांवरील तोफांचा दारूगोळा येत कोठून असे, हा प्रश्न क्वचितच पडतो. तो घरी करणे परवडत असे का?

निव्वळ पैशाचा हिशेब मांडला, तर उत्तर फारसे आश्वासक नाही. बंदुकीच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश सोरा, उरलेला कोळसा आणि गंधक. यांपैकी कोकणात मुबलक तो कोळसा. उत्तम सोरा प्रामुख्याने बिहारचा. गंधक आणि शिसे बव्हंशी गलबतांतून येणार. शिशाचे एक बरे : ते ३२७ अंशांनाच वितळते. साधी भट्टी व साचा असला की गोळ्या ओतता येत, हाती लागलेली गोळी पुन्हा ओतता येई. १६६४ साली पायाभरणी झालेल्या सिंधुदुर्गाच्या पायात हेच शिसे ओतल्याचे सांगतात.

शिवाय कोकणचा पाऊस! ओल धरलेली दारू निकामी होते. म्हणूनच अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेले ‘आज्ञापत्र’ दारूखाना वस्तीपासून दूर ठेवण्यास आणि दारू वरचेवर बाहेर काढून उन्हे देण्यास बजावते. हे मनुष्यबळही खर्चातच धरावयास हवे.

मग घरच्या कारखान्याचा अट्टहास कशासाठी? १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफा-गोळ्यांची मदत केली. दारूगोळा विकणारा उद्या शत्रूच्या छावणीतही उभा राहू शकतो, हा त्याचा अर्थ. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटून इंग्रजांना कैद केले, ते याच रोषातून. तथापि पुढे त्यांनी फ्रेंचांकडून तोफा व शिसे घेतल्याचे रॉबर्ट ऑर्म नमूद करतो. म्हणजे संपूर्ण स्वावलंबन शक्य नव्हतेच.

तरीही साठवलेले शिसे आणि घरची भट्टी यांमुळे वेढा पडल्यावर गडाला विक्रेत्याच्या मर्जीची वाट पाहावी लागत नसे. ‘आज्ञापत्र’ टोपीकरांना सामान्य सावकारांत गणू नये असे सांगते, तेही याच अनुभवाच्या बळावर. घरचा दारूगोळा स्वस्त पडला असेल वा नसेल; त्याची किंमत शांततेच्या दिवसांत मोजून भागणार नाही.