एकाच चौकटीत उर्दू-मराठी

पिंपळगाव रेणुकाईत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे कार्यालयातल्या संगणकांवर दोन्ही लिप्या बसवण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले. २००१ च्या इंग्रजी विंडोज एक्सपीत त्या आपोआप येत नसत. भाषांच्या सेटिंगमध्ये एका चौकटीत खूण करायची, सीडी घालायची, मशीन पुन्हा सुरू करायचे. गंमत म्हणजे देवनागरी आणि उर्दू, दोघींची ती चौकट एकच होती! (उर्दू दिसे ती मात्र नस्ख वळणाची, नस्तालीक वेगळी आणावी लागे.) संगणक दहा, तर हे सारे दहा वेळा.

मोठ्या कंपन्यांनी हे हेलपाटे तेव्हाच टाळले होते. १९९९ च्या सुमारास इंटेलच्या पीएक्सई पद्धतीने कोरा संगणक नेटवर्कवरूनच सुरू होऊन प्रणाली उतरवून घेऊ लागला. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे ऑटोपायलट आले. मशीनची ओळख संस्थेच्या नावावर आधीच नोंदवलेली असते. नवा कर्मचारी खोका उघडतो, पासवर्ड टाकतो, बाकीचे आपोआप बसते.

पण काय बसवायचे, ती यादी कोणीतरी एकदाच करतो. तीत उर्दूचा कळफलक राहून गेला, तर शंभर मशीनवर राहून गेला. पूर्वी मी सीडी घेऊन मशीनकडे जायचो. आता यादी करणाऱ्यालाच आधी गाठतो.