चार तासांचे घड्याळ : इंग्लंडच्या अपघात विभागातील रांगेचा इतिहास

जुलै २०००. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने 'एनएचएस प्लॅन' प्रसिद्ध केला. आश्वासनांनी भरलेल्या त्या दस्तऐवजातील एका वाक्याचा धाक इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांना पुढे दीर्घकाळ राहिला. ते आश्वासन असे : अपघात विभागात पाऊल ठेवल्यापासून चार तासांच्या आत प्रत्येक रुग्ण एकतर घरी गेलेला असेल, वॉर्डात दाखल झालेला असेल किंवा अन्यत्र हलवलेला असेल. मुदत होती २००४ ची.

रांग अर्थातच जुनी होती. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा 'कॅज्युअल्टी' हा रुग्णालयाचा सावत्र विभाग होता. तेथील भार मुख्यतः शिकाऊ डॉक्टरांवर असे. १९६२ च्या प्लॅट समितीने त्याचे नाव बदलून 'अॅक्सिडेंट अँड इमर्जन्सी' करावे असे सुचवले. कालांतराने पाटी बदलली. बाकड्यांवरची गर्दी मात्र हटली नाही.

१९९४ मध्ये मँचेस्टरमधील डॉक्टर आणि परिचारिका एकत्र आल्या आणि त्यांनी रुग्णांच्या वर्गवारीची, म्हणजे ट्रायाजची, पाच रंगांची पद्धत बसवली. लाल म्हणजे तत्काळ. नारिंगी १० मिनिटांत, पिवळा ६०, हिरवा १२० आणि निळा २४० मिनिटांत. ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. पण येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ट्रायाज केवळ क्रम ठरवतो. छातीत कळ आलेला माणूस मुरगळलेल्या पायाच्या पुढे जातो, एवढेच. रांगेची लांबी त्याने घटत नाही.

लांबी ठरते दुसरीकडे, आणि या इतिहासाचे मर्म तेथेच आहे. अपघात विभागातील डॉक्टरने तपासले, दाखल करण्याचा निर्णय झाला, पण वरच्या वॉर्डात खाट रिकामी नाही. वॉर्डातला वृद्ध रुग्ण बरा झाला आहे, पण घरी त्याची काळजी घेणारे कोणी नाही, म्हणून तो खाट सोडू शकत नाही. परिणामी खालचा रुग्ण मार्गिकेत ट्रॉलीवर पडून राहतो आणि त्याच्यामागे आलेल्याला तपासायला जागा उरत नाही. रांग दिसते दारात. ती तयार होते वरच्या मजल्यावर.

चार तासांच्या लक्ष्याचे खरे बळ हेच होते की घड्याळ संपूर्ण रुग्णालयाला लावले गेले. किरकोळ दुखण्यांसाठी 'पाहा आणि उपचार करा' असा स्वतंत्र प्रवाह सुरू झाला, निरीक्षण कक्ष उभे राहिले, मोकळ्या खाटांचा हिशेब घेतला जाऊ लागला. २००२ मध्ये २३ टक्के रुग्ण चार तासांहून अधिक काळ विभागात अडकत. एप्रिल ते जून २००४ या तिमाहीत हे प्रमाण ५.३ टक्क्यांवर आले. अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी पुढे केलेल्या अभ्यासात तर असे आढळले, की लक्ष्याचा परिणाम झालेल्या रुग्णांची प्रतीक्षा सुमारे २० मिनिटांनी घटली आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झाले. लक्ष्याला निव्वळ आकड्यांचा खेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी हा निष्कर्ष विसरू नये.

खेळ मात्र झालाच. मार्च २००३ च्या अखेरीस एका ठरावीक आठवड्यात मोजणी होणार होती. त्या आठवड्यापुरते जादा कर्मचारी आणले गेले, नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, असे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या पाहणीत डॉक्टरांनीच सांगितले. (परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारा विद्यार्थी सर्वच देशांत आढळतो.) रुग्ण विभागातून बाहेर पडण्याच्या वेळांचा आलेख काढला, तेव्हा चार तास भरण्याआधीच्या शेवटच्या २० मिनिटांत एक उंच शिखर उभे राहिलेले दिसले.

स्टॅफर्डच्या रुग्णालयात याचे भीषण रूप उघड झाले. २००९ च्या चौकशी अहवालानुसार तेथे आलेल्या रुग्णांची प्राथमिक पाहणी वैद्यकीय शिक्षण नसलेले स्वागतकक्षातील कर्मचारी करत होते. मुदत मोडू नये म्हणून डॉक्टरांना गंभीर रुग्णांपासून उठवून किरकोळ रुग्णांकडे पाठवले जात होते. म्हणजे ट्रायाजने लावलेला क्रम घड्याळाने उलटा केला.

लक्ष्य प्रत्यक्षात ९८ टक्क्यांचे होते. २०१० मध्ये नव्या सरकारने ते ९५ वर आणले. जुलै २०१५ नंतर इंग्लंडला तेही एकदासुद्धा गाठता आलेले नाही. घड्याळ भिंतीवरच होते, पण वरच्या मजल्यावरील खाटा आणि घरी परतणाऱ्या वृद्धांची सोय त्याच्या वेगाने वाढली नाही.

याची किंमत २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने मोजली. दाखल करायच्या रुग्णांना खाट मिळण्यास आगमनापासून सहा ते आठ तासांहून अधिक उशीर झाला, तर अशा दर ८२ रुग्णांमागे ३० दिवसांत एक अतिरिक्त मृत्यू होतो.

२०२३ मध्ये सरकारने नवे मध्यवर्ती उद्दिष्ट जाहीर केले : मार्च २०२४ पर्यंत ७६ टक्के रुग्ण चार तासांच्या आत. २००२ मध्ये, ज्या परिस्थितीला असह्य मानून घड्याळाचा काटा आवळला गेला, तेव्हा हे प्रमाण ७७ टक्के होते.