घामाचा बोजा जमिनीवर

१/४
मजुरी मिळेपर्यंत शिंपी कपडा अडवून ठेवू शकतो. गवंड्याने भिंत कशी अडवावी? इंग्रजी कायद्यानुसार जमिनीत रोवलेली वीट जमीनमालकाचीच होई. देणे थकले, तर गवंड्याच्या हाती केवळ दावा उरे.

२/४
१७९१. पोटोमॅक नदीकाठी अमेरिकेची नवी राजधानी, वॉशिंग्टन, वसवायची होती. पैशाची हमी नसेल, तर कारागीर येणार कसे?

३/४
त्याच वर्षी मेरीलँडच्या विधिमंडळाने तोडगा काढला. लेखी कराराची नोंद झाली, की बांधणाऱ्याचा हक्क थेट त्या घरावर व जमिनीवर चढे. देणे बुडवणाऱ्या मालकाची वास्तूच तारण ठरली.

४/४
पुढे हा धारणाधिकार अमेरिकेच्या सर्व राज्यांत रुजला. अट मात्र कडक: मुदतीत नोंद केली नाही, तर हक्क गेला. भिंत उचलून नेता येत नाही. तिच्यावरचा बोजा कागदावरच टिकतो.