एन्व्हायर्नमेंटची वहिवाट

प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हाती नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकूर देण्याची जी सोय आज एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून सर्वत्र रूढ आहे, तिचा उगम बेल लॅबोरेटरीजने 1979 साली काढलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सापडतो. त्यापूर्वी आज्ञा कोठे शोधावयाच्या हे शेलच्या कोडातच कायम झालेले असे. स्टीफन बोर्न यांच्या नव्या शेलने तो अखत्यार 'पाथ' या व्हेरिएबलच्या द्वारे वापरकर्त्यास दिला, आणि एका प्रोसेसचा हा जोड्यांचा दस्तऐवज तिच्यापासून निघणाऱ्या प्रोसेसांना वारसाहक्काने मिळू लागला.

या वारशाचा लायब्ररीने केलेला पहिला लक्षणीय उपयोग बर्कले विद्यापीठाचा. त्या काळी टर्मिनलांचे प्रकार उदंड, आणि पडद्यावरील कर्सर हलविण्याचे संकेत प्रत्येकाचे निराळे. म्हणून बिल जॉय यांनी त्या सर्वांची जंत्री एका फायलीत घालून ती वाचणारी टर्मकॅप लायब्ररी सिद्ध केली. 'टर्म' या व्हेरिएबलात टर्मिनलाचे नाव असे, त्यावरून नोंद निघे. परंतु ज्याचे टर्मिनल जंत्रीत नव्हते, त्या गरिबाने काय करावे? त्याने 'टर्मकॅप' या व्हेरिएबलात स्वतःच्या फायलीचा पत्ता, अथवा सबंध नोंदच, लिहून द्यावी, की लायब्ररी सरकारी जंत्री बाजूस ठेवून त्याचा शब्द प्रमाण मानी. कारभाऱ्याकडे अर्ज नको, की प्रोग्राम पुन्हा कंपाइल करणे नको. या योजनेतील औदार्य मला आजही अपूर्व वाटते.

पुढे ही वहिवाट फैलावली. वेळ सांगणारी सी लायब्ररी 'टीझेड' वाचू लागली. तिच्या जुन्या लिपीत, ग्रिनिचच्या पुढे असलेली भारतीय वेळ उणे चिन्हाने, 'आयएसटी-5:30' अशी लिहावी लागते, ही गंमत निराळीच. ग्नू प्रकल्पाच्या रिचर्ड स्टॉलमन यांना तर डिस्कवरील जागा मोजण्याचा पॉसिक्स मानकाचा 512 बाइटांचा हिशेब मंजूर नव्हता. त्यांना 1024 बाइटांचे एकक हवे होते. तेव्हा मानकाचा हट्ट धरणाऱ्यांसाठी त्यांनी एक व्हेरिएबल राखून ठेवले, ज्याचे मूळ नाव 'पॉसिक्स मी हार्डर' असे उपहासगर्भ होते आणि नंतर 'पॉसिक्सली करेक्ट' असे सभ्य झाले. ग्नूचे गेटऑप्ट फंक्शन ते आजही वाचते.

परंतु कोणती लायब्ररी लोड करावी हेच वापरकर्ता व्हेरिएबलांतून ठरवू लागला, तेव्हा मुभेचे जोखमीत रूपांतर झाले. मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या सेटयूआयडी प्रोग्रामात, लायब्ररी जोडणारा लिंकर असली व्हेरिएबले अमान्य करी खरा. तथापि 1995 साली असे उघडकीस आले की टेलनेटच्या मार्गे दूरचा मनुष्यही ती पाठवू शकतो, आणि लॉगिन प्रोग्राम मुळातच रूटने, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याने, सुरू केलेला असल्याने लिंकरला तेथे उसना अधिकार दिसतच नाही. ग्नू सी लायब्ररीच्या सूक्ष्म जुळणीसाठी 2017 साली आलेल्या 'जीलिबसी ट्यूनेबल्स' या व्हेरिएबलाच्या वाचनातही 2023 साली असा दोष आढळला की साध्या वापरकर्त्यास रूट होता येत असे.

दोष सोयीचा नव्हे, तिच्यावरील आंधळ्या विश्वासाचा. उसन्या अधिकाराच्या प्रसंगी व्हेरिएबल वाचण्याचे नाकारणारे 'सिक्युअर गेटएन्व्ह' हे फंक्शन ग्नू सी लायब्ररीत 2012 पासून उपलब्ध आहे. नव्या लायब्ररीकारांनी तेच वापरावे, आणि आपण कोणकोणती नावे वाचतो हे दस्तऐवजात स्पष्ट लिहावे.